शुद्ध मराठीचा उपास

माह्या नातीशी मी सुरुवातीले जे काही बोललो, ते सगळं रस्त्यावरच्या पाट्यांवरून उचललेलं होतं. ‘पुढे वळण आहे.’ ‘सावकाश जा.’ ‘कृपया थांबा.’ पाळण्यातल्या लेकराले कोणी ‘कृपया थांबा’ म्हणते काय? पण मी म्हणत होतो. शुद्ध मराठी मले तेवढीच येत होती.

हे काहून झालं ते सांगतो. मी सगळी उमर ट्रकवर काढली. पांढरकवड्याहून नागपूर, नागपूरहून हैदराबाद, कधी कापसाच्या गाठी, कधी सिमेंट, कधी संत्री. आमी बंजारा. आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून मुलूखभर फिरले, मी डिझेलवर फिरलो, एवढाच फरक. गुडघे गेले तवा ट्रक पोराच्या हाती दिला अन् तांड्यावर येऊन बसलो. तांडा म्हणजे आमची वस्ती, गावापासून जराशी बाजूले. बायको तर नात व्हायच्या आधीच गेली. पोरगा महिन्यातले भल्ले दिवस रस्त्यावर. म्हणून घरात माणसं तीनच: मी, सून अन् ही पोट्टी.

घरात आमची गोरबोली चालते. बजारात गेलो की वऱ्हाडी, ढाब्यावर हिंदी. या तिन्ही भाषांत मी पोटभर भांडू शकतो, तेलुगूत बी चार शिव्या येतात. इथं घरातलं बोलणं मी वऱ्हाडीतच लिहून राह्यलो, नाहीतर तुमी पहिल्याच पानावर पुस्तक मिटून ठेवसान.

सून बारावी शिकलेली. पोट्टी पाळण्यात होती तवाच एक दिवस ती पाळण्याची दोरी धरून म्हणाली, “बाबा, आजपासून हिच्यासमोर गोरबोली बंद. वऱ्हाडी बी बंद. फक्त शुद्ध मराठी बोलायची.”

मी म्हटलं, “मले शुद्ध मराठी येत नाही.”

“मले नाही. मला म्हणा.”

झालं! तिथूनच माही शाळा सुरू झाली. आमच्यात पूर्वी सून सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर सरकू देत नसे, तोंड उघडणं तर दूरच. अन् आता ही मले व्याकरण शिकवून राह्यली होती. राग नाही आला, खरं सांगतो. उलट छाती फुगली. नात मोठी साहेबीण होईन, खुर्चीत बसून फडाफड बोलीन, असंच चित्र डोळ्यापुढे आलं. मी लगेच हाव म्हटलं.

पण झालं काय, की घरातलं बोलणंच आटलं. मनात शब्द यायचा गोरबोलीत. तो तोंडापर्यंत आणता आणता धुवायचा, पुसायचा, मराठी करायचा, तेवढ्यात पोट्टीचं लक्ष दुसरीकडे. मग आपलं सोपं काय? ये. बस. जेव. नको. झोप. दिवसभर एवढंच. सुनेची बी तीच गत. पुस्तकातली मराठी तिले लिहिता येते झकास, पण लेकराचे लाड करायले लागणारे येडेबागडे शब्द त्या पुस्तकात कोणी छापते काय? शेजारच्या अंगणात लेकरांचा नुसता बजार भरलेला असे, पण तिकडे बी पाठवायची नाही, कारण तिथल्या सगळ्या बाया गोरबोलीतच कलकलाट करतात. अन् तिच्यासमोर आमी दोघं बी एकमेकांशी गप्प. सून कापूस वेचाले वावरात जाये, मी पोट्टीले घेऊन बसे अन् मोबाइलात कार्टून लावून देये. त्यातले ससे अन् अस्वलं इंग्रजीत गाणी म्हणत.

ती खात बी नव्हती. घास गालात धरून मोबाइल पाहत बसे, घास तिथंच वाळून जाये. अंगणवाडीत वजन केलं की तिथल्या बाईच्या कपाळाले आठी पडे. दोन वरसं उलटली तरी पोट्टीच्या तोंडून शब्द नाही. आई नाही, बाबा नाही, काहीच नाही. रडायची ते बी बारीक आवाजात.

तांड्यात सल्ले सुरू झाले. कोणी म्हणे बाप बी उशिराच बोलला होता, कोणी म्हणे जिभेले मध चाटवा, कोणी म्हणे देवीले नवस बोला. एकीनं तर माह्या तोंडावर म्हटलं, “मुकी आहे, कायले लपवता?” मी असा अंगावर धावून गेलो की ती चपला सोडून पळाली. राग हा माहा जुना आजार आहे. पण त्या दिवशी तिच्या चपला हातात घेऊन उभा राह्यलो तवा मनात आलं, तिचं खरं निघालं तर?

अंगणवाडीच्या बाईनं एकदा पोट्टीच्या मागे जाऊन टाळी वाजवली. पोट्टीनं मान वळवली, पण अर्धीच, जशी की कोणासाठी टाळी वाजली ते तिले ठावंच नाही. बाई हळूच म्हणाली, “आजोबा, एकदा यवतमाळले नेऊन हिचे कान तपासून आणा. वेळ नका घालवू.” एकदा घाटात माहा ब्रेक गेलता, तवा बी मी एवढा घाबरलो नव्हतो.

शहरात लेकरू चार शब्द कमी बोललं की मायबाप दुसऱ्याच दिवशी डॉक्टरपुढे बसलेले असतात. आमच्याकडे आधी एसटीची वाट पाहा, वेचणीचा दिवस मोडा, अन् तोवर लोक मुकी म्हणून शिक्का मारून मोकळे. मग वरून विचारतात, तांड्यावरची लेकरं मागे काहून राहतात? असा प्रश्न विचारणाऱ्याले मी एकदा भर थंडीत सकाळच्या एसटीत लेकरू मांडीवर घेऊन बसवणार आहे. आमी तसेच गेलो. सून खिडकीपाशी, पोट्टी माह्या मांडीवर, अन् तिघांत मिळून शब्द नाही.

दवाखान्याच्या बाकड्यावर आमच्या बाजूले एक म्हातारी बसली होती. आरशांची चोळी, कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या. आमच्याचपैकी, कुठल्या तरी दूरच्या तांड्यावरची. तिचा कान दुखत होता, पण तोंडाले काही झालं नव्हतं. पोट्टी दिसली अन् तिनं सुरू केलं, “तार नाम कांई छ?” तुझं नाव काय, असं. उत्तराची वाट कोण पाहते! पुढे तिच्या बांगड्यांची गोष्ट, तिच्या बकऱ्यांची गोष्ट, दुखऱ्या कानात तिच्या सुनेनं काय काय ओतलं त्याची गोष्ट. अन् माही नात, जी कोणाकडे म्हणून जात नव्हती, ती माह्या मांडीवरून उतरली, चालत गेली अन् त्या म्हातारीच्या मांडीत जाऊन बसली. तोंड वर करून तिचे ओठ पाहत होती. सुनेनं दोनदा “इकडे ये” म्हटलं. पोट्टी हलली बी नाही.

कान तपासणारी पोरगी तरणी होती, चष्मेवाली. तपासून झालं अन् ती म्हणाली, “दोन्ही कान छान आहेत.” मी तिथंच हात जोडले. तिले नाही, वर. मग ती विचारू लागली, घरी हिच्याशी कोण कोण बोलतं?

“आमी दोघं,” मी ऐटीत सांगितलं. “अन् एकदम शुद्ध मराठीत!”

“आणि तुम्ही दोघं एकमेकांशी?”

“हिच्यासमोर काही नाही बोलत.”

तिनं पेन खाली ठेवला. “मग हिच्या कानावर दिवसभर पडतं काय?”

सुनेनं माह्याकडे पाह्यलं, मी सुनेकडे. शेवटी मीच म्हटलं, “मोबाइल.”

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, मी बी उलटून बोललो असतो. ती म्हणाली, “आजोबा, लेकराला भाषा आधी भरपूर लागते. शुद्ध नंतर पाहू. तुमच्या तोंडून मोकळी येते तीच बोला, जेवताना, अंघोळ घालताना, काहीही करताना. मराठी ती शाळेत शिकेल. हिंदी, इंग्रजी पण शिकेल. पण आधी घरातली एक तरी पक्की होऊ द्या.”

घरी आलो. पोट्टी एसटीतच झोपली होती, तिले बाजेवर टाकलं. मी म्हटलं, “माहा उपास आजपासून सुटला. मी आता बोलणार.”

“नाही,” सून म्हणाली. माह्याकडे पाठ करून ती चूल पेटवत होती. अन् मग तशीच पाठमोरी राहून तिनं मले एक गोष्ट सांगितली. एवढ्या वरसांत ती मले ठाऊक नव्हती, माह्या पोराले बी ठाऊक नव्हती.

आमच्या गोरबोलीत रोजच्या भाकरीले बाटी म्हणतात. साधी ज्वारीची भाकर, तिले बाटी. अन् गावातले लोक बाटी कशाले म्हणतात? पाहुणे आले, कार्यक्रम असला की गव्हाची करून तुपात बुडवतात, वरणात चुरून खातात, त्याले. सून पहिलीत असताना गुरुजीनं विचारलं, काय खाऊन आली? ती म्हणाली, बाटी. दुसऱ्या दिवशी विचारलं, बाटी. तिसऱ्या दिवशी बी बाटी. गुरुजी हसले, “रोज रोज बाटी? तुह्या घरी रोज लग्न असते काय वं?” सगळा वर्ग हसला. गुरुजीच्या मनात काही वाईट नव्हतं, गंमत केली त्यानं. पण खिचडी वाढणारीनं ते ऐकलं अन् मनात ठेवलं. “हिले कमी वाढा, हे तुपातल्या बाट्या खाऊन येते!” लेकरू घरून अर्धी कोरडी भाकर अन् मिरचीचा ठेचा खाऊन जाये, अन् तिथं बी अर्धंच पोट. पुन्हा मागायची लाज. कशाले म्हणतात बाटी, हे सांगायले तिच्याजवळ तवा मराठी नव्हती. दहावी होईपर्यंत पोरं तिले बाटी म्हणूनच हाका मारत.

“माह्या पोरीले शाळेत कोणी हसलेलं मी सहन करणार नाही, बाबा,” ती म्हणाली. “तिले पोटभर मागता आलं पाहिजे. त्यांच्या भाषेत.”

हे सगळं ती गोरबोलीत बोलली, पोट्टी झोपली होती म्हणून. अन् काय बोलली! एवढ्या मोकळ्या तोंडानं बोलताना मी तिले पहिल्यांदा ऐकत होतो. माहा राग कुठच्या कुठे गेला. मग तीच म्हणाली, “तुमी बोला तिच्याशी गोरबोलीत. मी नाही बोलणार. मी मराठीच बोलीन. एक तरी बाजू नीट पाहिजे.”

मग काय विचारता! मी सुटलो. सकाळी तोंड धुण्यापासून जी टकळी सुरू होये ते पोट्टीचे डोळे मिटेपर्यंत. हे पाणी, हे थंड, हा दादाचा, म्हणजे आजाचा, गुडघा, हा मोडका. चहात शिळी भाकर बुडवता बुडवता तिले हैदराबादचा रस्ता सांगून टाकला. टायर फुटल्यावर जॅक कसा लावायचा ते सांगितलं. कोणत्या ढाब्यावरची डाळ पातळ ते बी सांगितलं. तिले त्यातलं काय कळत होतं, देव जाणे, पण ती माह्या तोंडाकडे पाहत राहे, अन् मी थांबलो की माह्या दाढीले हात लावून धक्का देये, चालू कर म्हणून.

अन् मोबाइल बंद करून तिले शेजारच्या अंगणात सोडलं. तिथं बाया गोधडी शिवत बसलेल्या असतात, त्यांच्या मांड्या अन् जिभा दोन्ही रिकाम्या. ह्या मांडीवरून त्या मांडीवर. कोणी नाक पुसे, कोणी वेणी घाले, कोणी तिच्या बापाच्या लहानपणच्या उचापती सांगे. लेकरं एका थाळीत जेवत, डाळीत चुरलेली भाकर, कधी उकडलेलं अंडं. दुसऱ्याचा हात थाळीत आला की पोट्टीचा बी भराभर चाले. अंगणवाडीच्या बाईनं पुढच्या खेपेस वजन केलं अन् काट्याकडे पाहून मले म्हणाली, “आजोबा, काय चारून राह्यले?” मी म्हटलं, “गप्पा.”

पहिला शब्द तिथंच आला, त्या अंगणात. मी घ्यायले गेलतो. म्हटलं, “चाल घरी.” तिनं मातीत पाय रोवले अन् म्हणाली, “कोनी!”

कोनी म्हणजे नाही. अरे वा रे पोट्टी! पहिलाच शब्द, अन् तो बी नकार. माहीच नात, शंभर टक्के. मी तिथंच मातीत बसलो अन् ढसाढसा रडलो, बाया हसत होत्या तरी. मग गूळ घेऊन घरोघर फिरलो. मुकी म्हणणारीच्या दारात बी गेलो. तिले सगळ्यात मोठा खडा दिला, अन् तिनं बी तो मुकाट्यानं खाल्ला.

त्यानंतर शब्द रोज येऊ लागले. पण एक गोष्ट मले आतून कुरतडत होती. पोट्टी माह्याशी बोले, शेजारणींशी बोले, कुत्र्याशी बोले. सून वावरातून आली की चूप. सून हातपाय धुऊन समोर बसे अन् विचारे, “बाळा, आज तू काय काय केलंस?” पोट्टी तिच्याकडे पाहुण्या बाईसारखी पाहत राहे अन् हळूच माह्या धोतरामागे येऊन उभी राहे. सून पुन्हा एकदा विचारे, मग चुलीकडे जाये.

एक दिवस ती भांडी घासता घासता म्हणाली, “ती तुमचीच झाली, बाबा.”

“मग तू बी बोल ना तिच्याशी आपलं. कोण अडवते?”

“आता तिच्यासमोर तोंडातच येत नाही,” ती म्हणाली. “एवढे दिवस दाबून ठेवलं, ते आता निघतच नाही.”

मले लय वाईट वाटलं. नातीच्या बोलण्याची चैन माह्या वाट्याले आली होती, अन् जिनं तिले जन्म दिला ती दारातच उपाशी. यात मी काय करणार? चावी मारून चालू होते ते इंजिन, माणूस नाही.

होळीच्या आधीचे दिवस होते. सुनेनं घरची तूर भिजवून, निथळून, डाळ करायसाठी अंगणात चादरीवर वाळत घातली होती. कित्येक दिवस तिनं ती निवडली होती, खडा अन् खडा काढून. मी बाजेवर बसून चहा पीत होतो. सून आत होती. पोट्टी आमच्या बकरीच्या कोठ्याकडे गेली, खुंट्याशी बसून काहीतरी खटपट केली, अन् पाहतो तर काय, बकरीची दोरी हातात धरून ही बाई मोठ्या थाटात येऊन राह्यली. बकरीले तिनं सरळ तुरीवर नेऊन उभं केलं. मी ओरडायले तोंड उघडलं, तेवढ्यात सून दारात आली.

अन् मग जी गोरबोली सुरू झाली, बाप्पा रे! ती निवडून घेतलेली नव्हती, धुतलेली नव्हती, धरण फुटावं तशी आली. कार्टे, मेहनतीचं वाटोळं केलं, कोणी सांगितलं तुले, उभी राह्य तिथंच, हात मोडून ठेवीन! माही सासू अशी बोलायची. माह्या हातातला चहा तसाच राह्यला.

पोट्टी रडली नाही. पळाली बी नाही. दोरी धरून ती आईकडे टकामका पाहत होती, अन् तिचा चेहरा असा उजळत चालला की जणू वळखीचं माणूस भेटलं. मग तिनं एक हात कमरेवर ठेवला अन् तेवढ्याच मोठ्यानं उलटून बोलली, “छेळीन भूक लागी!”

बकरीले भूक लागली होती. पूर्ण वाक्य. आईले दिलेलं पहिलं उत्तर.

सून जागच्या जागी थबकली. तोंडावर हात गेला. मले वाटलं, झालं, आता ही रडते अन् भांडण इथंच संपते. पण नाही. तिनं पदर कमरेले खोचला, डोळे पुसले बी नाही, अन् अजून मोठा आवाज काढला. बकरीले भूक लागली तर कडबा नव्हता काय? पोट्टी म्हणाली, कडबा कडू आहे. तू खाऊन पाह्यला काय? हाव, पाह्यला. कवा? काल. दाखव जीभ! पोट्टीनं जीभ दाखवली. सून एकाचे दोन प्रश्न करत होती, भांडणाले सरपण घालत होती. तिले ते संपू द्यायचं नव्हतं.

“अन् मी काय खाऊ मग?” शेवटी तिनं विचारलं.

पोट्टीनं तुरीकडे पाह्यलं, बकरीकडे पाह्यलं, अन् चादरीवर आपल्या बाजूची जागा हातानं झाडून दिली. “याडी,” ती म्हणाली, “तू बी बेस.”

याडी म्हणजे आई. हा शब्द सुनेनं तिले कधी शिकवला नव्हता, शेजारच्या लेकरांकडून तिनं उचलला होता अन् एवढे दिवस जपून ठेवला होता. सून मटकन त्या तुरीवरच बसली. पोट्टी तिच्या मांडीत चढली अन् कडब्याचं पुढे सांगू लागली, अन् सून मधून मधून खोटं खोटं रागावत होती. बकरी आरामात तूर खात होती. मी उठलो नाही. ती तूर त्या वर्षी गेली.